सात नंबर

२०१६च्या एप्रिलमध्ये आमच्या बास्केटबॉल कोर्टवर येणाऱ्या पोरांच्या जर्सींवर पांढऱ्या रेघा असायच्या. काळ्या कापडावर घाम वाळला की मिठाची एक कड उमटते. दुसऱ्या दिवशी तिच्या बाहेरून दुसरी, तिसऱ्या दिवशी तिसरी. रेघा मोजल्या की जर्सी किती दिवस पाण्यात पडली नाही ते कळायचं. एकाच्या पाठीवर मी सहा मोजल्या होत्या.

लातूरचा तो उन्हाळा ज्यांनी काढला त्यांना जास्त सांगायला नको. मांजरा धरण आटलं होतं. आमच्या गल्लीत महिना उलटला तरी नळाला पाणी नव्हतं. टाक्यांपाशी, टँकरपाशी भांडणं पेटू नयेत म्हणून मार्चमध्येच जमावबंदी लागली होती. सरावाला यायचं तर आपली बाटली आपण आणायची आणि दुसऱ्याच्या बाटलीला हात लावायचा नाही, असा दादांचा नियम होता. पळण्याचे राउंड त्यांनी बंदच करून टाकले. "घाम गेला की पाणी पितंय लेकरू. घरी गेलं की अंघोळीला मागतंय. त्याच्या मायनं आणायचं कुठून?" मग जागच्या जागी पासिंग, फ्री थ्रो आणि शेवटी पंधरा मिनिटं अर्ध्या कोर्टवर तिघांविरुद्ध तिघं. एवढाच सराव.

१२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, एकेकीत साधारण ५० हजार लिटर. आमची तिघं पोरं अंधारात उठून ती बघायला गेली आणि तिथून तशीच कोर्टवर आली. त्या दिवशी त्यांच्या पासिंगमध्ये वेगळाच जोर होता.

दोन दिवसांनी कोबी ब्रायंटची शेवटची मॅच होती. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये तो लेकर्सकडून खेळायचा. लॉस एंजेलिसमध्ये १३ तारखेची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडे १४ एप्रिलच्या सकाळचे आठ. बाबासाहेबांची १२५वी जयंती, सगळीकडे सुट्टी, चौकात निळ्या पताका, लांबून स्पीकर लावून बघितल्याचा आवाज. दोन पोरं नंतर मिरवणुकीच्या तयारीला जाणार होती, पण तोवर थांबली. जिओ यायच्या आधीचे दिवस. माझ्या फोनवरचं चित्र दर दोन मिनिटांनी गोठायचं. त्या एवढ्याशा पडद्याभोवती नऊ पोरं, मी आणि दादा, कोर्टच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलो होतो.

दादांविषयी सांगायला हवं. तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. मोंढ्यात एका आडत दुकानात मुनीम. सकाळी कोर्ट, दिवसभर काटा आणि पट्ट्या, संध्याकाळी पुन्हा कोर्ट. आम्ही खेळायला लागलो तेव्हा बास्केटबॉलमध्ये नंबर चारपासून पंधरापर्यंतच मिळत. एक, दोन, तीन ही बोटं पंचाला गुण दाखवायला लागतात, म्हणून ते नंबर कुणाला नसायचे. त्या बारा नंबरांतला सात दादांचा. पंचवीस वर्षं दुसऱ्या कुणी मागितला नाही. डाव्या बाजूला पंचेचाळीस अंशात, बोर्डवर चौकोनाच्या वरच्या कोपऱ्याला बॉल लावून ते जो शॉट घालायचे, तो बघायला शेजारच्या जिल्ह्यातले खेळाडू आपली मॅच संपल्यावर थांबायचे. हे मी ऐकीव सांगत नाही. मी त्या टीममध्ये होतो. फक्त बहुतेक वेळा बेंचवर होतो.

मी कोबीच्याच वयाचा. १९९६ साली, बारावी झाल्या झाल्या, तो थेट एनबीएत गेला. नव्या खेळाडूंच्या निवडीत शार्लटच्या टीमने त्याला तेराव्या क्रमांकावर निवडला आणि लेकर्सकडे दिला. त्याच सुमाराला मी बारावीला होतो आणि दोन वर्षांपासून बॉलला हात लावला नव्हता. लातुरात अकरावीला प्रवेश घेतला की पोराचा खेळ संपतो. तेव्हाही संपायचा, आताही संपतो. कुणी रागावून बंद करत नाही. सकाळी पाचला एक क्लास, मग कॉलेज, मग दुसरा क्लास, रात्री अभ्यासिका, यात कोर्ट कुठे बसवायचं? राज्यभरातून लेकरं जिथे शिकायला येतात, तिथल्या लेकरांनी दुपारी चारला बॉल आपटत बसावं हे कुणाच्याच आईबापाला पटणारं नसतं. माझ्याही नव्हतं. नोकरी लागल्यावर, पंचविशीत, मी परत आलो. तेव्हा दादा ऐन भरात होते. एका मॅचची चाळीस मिनिटं असतात, ती चाळीसच्या चाळीस त्यांची. मला शेवटची दोन मिळायची, तीही निकाल लागून गेला असेल तर. पाच-सहा वर्षं मी हातात टॉवेल घेऊन बसलो. दादांचा खेळ बघून मी फार शिकलो, असं मी लोकांना सांगत आलो आहे. ते खरं आहे. पण दोन मिनिटांत अंगात गरमीसुद्धा येत नाही, हेही तितकंच खरं आहे, आणि हे मी दादांना कधी बोललो नाही.

म्हणून लेकर्सचं ते वर्ष मी कोबीच्या बाजूने बघतच नव्हतो. २९ नोव्हेंबर २०१५ला त्याने निवृत्ती जाहीर केली आणि पुढचे साडेचार महिने गावोगावी निरोप सुरू झाले. टीम हरत होती. ८२ मॅचपैकी १७ जिंकल्या, ६५ हरल्या. लेकर्सच्या इतिहासात इतकं वाईट वर्ष कधी गेलं नव्हतं. २०१३ साली टाचेची शीर तुटली, मग गुडघा, मग खांदा, या सगळ्यातून तो परत आलेला. शंभरातले छत्तीस शॉटसुद्धा पडत नव्हते, तरी बॉल त्याच्याच हातात. आणि शेजारी कोण उभं होतं? डिअँजेलो रसेल, एकोणीस वर्षांचा, त्या वर्षीच्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला. ज्युलियस रँडल, ज्याचा पाय आदल्या वर्षी पहिल्याच मॅचमध्ये मोडला आणि वर्ष वाया गेलं. जॉर्डन क्लार्कसन, ४६व्या क्रमांकावर निवडलेला, म्हणजे ज्याच्याकडून कुणी काही मागितलंच नव्हतं असा. डिसेंबरमध्ये कोच बायरन स्कॉटने रसेल आणि रँडलला पहिल्या पाचांतून काढून बेंचवर बसवलं. मी ते वाचलं आणि माझे हात टॉवेल धरल्यासारखे झाले.

जानेवारीत एका दुपारी मी मोंढ्यात दादांकडे गेलो. तुरीची आवक सुरू होती. दुष्काळामुळे माल थोडाच, दाणाही बारीक. दादा ओंजळीत तूर घेऊन फुंकर मारून बघत होते. मी एकदम विषय काढला. म्हटलं, दादा, मे महिन्याच्या स्पर्धेत चौदा नंबरच्या पोराला सुरुवातीपासून उतरवू या. तुम्ही बाहेर बसा. त्यांनी ओंजळ हळूच ढिगावर मोकळी केली.

"सोयाबीन उभं असतंय तवर तुरीची नुसती काडी दिसती," ते म्हणाले. "सोयाबीन निघालं की मग तूर फुटती. पण म्हणून कुणी सोयाबीन हिरवं काढतंय का?"

आमच्याकडच्या शेतात हे दरवर्षी दिसतं. चार ओळी सोयाबीन, एक-दोन ओळी तूर. शंभर दिवस तूर अंग चोरून उभी असते. सोयाबीन कापून नेलं की महिनाभरात ती अशी पसरते की मधून माणूस जाऊ शकत नाही. मी म्हटलं, "दादा, हिरवं नको काढायला. पण शेंगा तडकूलाल्यात आता."

सोयाबीन वेळेवर काढलं नाही तर शेंगा उन्हात आपोआप फुटतात आणि दाणा मातीत जातो. मोंढ्यात उभ्या जन्माची नोकरी केलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दादा काही बोलले नाहीत. हमालाने काट्यावर पोतं टाकलं, त्यांनी वजन लिहून घेतलं. मी घरी आलो आणि रात्रभर मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांना गोल उभं करून ते म्हणाले, "मे महिन्यात माझी शेवटची स्पर्धा. एकदाच सांगूलालो, परत विचारायचं नाही."

तर त्या १४ एप्रिलला पायऱ्यांवर आम्ही दोघं शेजारी बसलो होतो, आणि हे सगळं आमच्या मध्ये होतं.

कोबीचे पहिले पाच शॉट चुकले. पोरं चुळबूळ करायला लागली. चौदा नंबर, पंधरा वर्षांचा, नुकताच दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला, त्याने विचारलं, "दादा, इतके चुकले तरी कोच बाहेर काढत नाही व्हय?" दादांची नजर पडद्यावरून हलली नाही. "टाकू दे त्याला. टाकू दे."

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ५० शॉट मारले, त्यातले २२ पडले, एकूण ६० गुण. शेवटच्या क्वार्टरमध्ये समोरच्या अख्ख्या युटा जॅझ टीमने २१ केले आणि एकट्या कोबीने २३. माझ्या फोनवर नेमके त्यातले तीन-चार शॉट गोठले. गोल फिरायचा, आम्ही श्वास रोखून बसायचो, आणि चित्र परत यायचं तेव्हा आकडा वाढलेला असायचा. पोरं उभी राहून ओरडत होती. दादा बसूनच होते, गुडघ्यावर हात ठेवून. त्यांचा उजवा गुडघा सकाळी सुजलेला असायचा.

मॅच संपायला चार-पाच सेकंद उरले असताना कोबीच्या हातात बॉल आला. सगळ्या मैदानाला आणखी एक शॉट हवा होता. त्याने लांब पास फेकला, पुढे एकटा पळत असलेल्या क्लार्कसनकडे. क्लार्कसनने तो रिंगमध्ये दाबला. १०१-९६. वीस वर्षांच्या खेळातली त्याची शेवटची गोष्ट म्हणजे तो पास.

लोकांच्या लक्षात ६० राहिले. माझ्या मनात चौदा नंबरचा प्रश्न राहिला. कोच बाहेर काढत नाही व्हय?

याचं उत्तर १९९७मध्ये आहे. १२ मे १९९७, प्लेऑफ म्हणजे बाद फेरी, समोर हीच युटा जॅझ. कोबी अठरा वर्षांचा, पहिलंच वर्ष, त्यात बहुतेक वेळ बेंचवर काढलेला. लेकर्सचा मुख्य खेळाडू शकील ओनील सहा फाउल होऊन बाहेर गेलेला. मॅच बरोबरीत, आणि कोच डेल हॅरिसने बॉल या पोराच्या हातात दिला. त्याचा शॉट रिंगलाही लागला नाही, बोर्डलाही लागला नाही. ओव्हरटाइममध्ये आणखी तीन तसेच. चार एअर बॉल. टीम हरली, वर्ष संपलं. त्या टीममध्ये जुना, मुरलेला खेळाडू म्हणून बायरन स्कॉट होता. तोच, ज्याने पुढे कोच होऊन रसेलला बेंचवर बसवलं. मला ही गोष्ट नेहमी अडते. अठराव्या वर्षी चार एअर बॉल मारायची मुभा ज्याला मिळाली, तो निवृत्त झाला तेव्हा एनबीएच्या इतिहासात सगळ्यात जास्त चुकलेले शॉट त्याच्या नावावर होते, चौदा हजारांच्या वर. पाच अजिंक्यपदं आणि २००६मधले एका मॅचचे ८१ गुण याच चुकलेल्या शॉटांच्या ढिगावर उभे आहेत. आणि त्याच्या शेजारच्या पोरांना त्या वर्षी चुकायला शॉटच पुरेसे मिळत नव्हते.

आमच्या गावात तर चुकणं महागच आहे. नीटच्या पेपरात बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकलं तर एक कापला जातो. पोरांना दोन वर्षं हेच शिकवलं जातं की खात्री नसेल तर सोडून दे. परीक्षेसाठी ते योग्यच आहे, त्यात मला काही म्हणायचं नाही. पण हाच हात कोर्टवर आला की काय होतं ते मी रोज बघतो. रिंगसमोर मोकळा उभा असलेला पोरगा शॉट मारत नाही, पास देतो. चुकलं तर काय, या विचाराने बॉल दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. बास्केटबॉलमध्ये चुकलेल्या शॉटला काहीच कापत नाहीत. रिबाउंड असतो, कुणीतरी उडी मारतं, खेळ पुढे जातो. हे पोरांच्या अंगात उतरायला शंभर वेळा चुकावं लागतं, आणि शंभर वेळा चुकण्याइतका वेळ मोठ्या माणसाने कोर्टवरून उतरून मोकळा करावा लागतो. मला दादांशी एवढंच बोलायचं होतं, जे मी शेंगांच्या भाषेत बोललो.

मे महिन्यातली स्पर्धा झालीच नाही. बाहेरगावच्या टीम, त्यांचं राहणं, जेवण, अंघोळ, यांना पाणी देणार कोण? आयपीएलच्या एप्रिलनंतरच्या मॅच महाराष्ट्राबाहेर न्या, असा आदेश उच्च न्यायालयाने दुष्काळामुळे त्याच १३ एप्रिलला दिला होता. आमची स्पर्धा बारा टीमची, तिला कोर्टापर्यंत जायची गरज नव्हती. आयोजकांचा फोन आला, दादांनी "बरोबर आहे" म्हटलं आणि फोन ठेवला. ज्या माणसाने जानेवारीत मन घट्ट करून शेवटची स्पर्धा जाहीर केली, त्याची शेवटची स्पर्धा पाण्यावाचून गेली. मला फार लागलं ते. आजही लागतं.

मग १ मेच्या रविवारी संध्याकाळी आम्ही आपसातच मॅच लावली, जुने विरुद्ध पोरं. दादांनी पदरचे पैसे घालून वीस-वीस लिटरचे दोन जार आणले. बघायला पन्नासेक माणसं होती. दादांनी गुडघ्याला पट्टा बांधला, सात नंबरची जर्सी चढवली. तीसुद्धा बिनधुतलीच होती.

पोरांनी आम्हाला धुतलं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये दादा त्यांच्या आवडत्या जागी, डावीकडे, उठले आणि चौदा नंबरने मागून येऊन त्यांचा शॉट ब्लॉक केला. बॉल पायऱ्यांपर्यंत गेला. कोर्टवर एकदम शांतता. पोरगा दोन्ही हात जोडून उभा. दादा त्याच्यावर असे ओरडले की माझ्या अंगावर काटा आला. "हात कामून जोडलालास? बॉल आण! बॉल तिकडं गेलाय!" त्यानंतर त्या पोराने मागे वळून बघितलं नाही. सात-आठ शॉट चुकवले असतील त्याने त्या संध्याकाळी, आणि दर वेळी दादा समोरच्या टीममधून ओरडत होते, "परत मार."

शेवटच्या मिनिटाला आम्ही वीसेक गुणांनी मागे होतो. बॉल दादांकडे आला. तीच जागा, तोच कोन. बॉल चौकोनाला लागला, रिंगवर दोनदा नाचला आणि बाहेर पडला. चौदा नंबरने रिबाउंड घेतला आणि पळत सुटला. दादा त्याच्या मागे पाच-सहा पावलं पळाले आणि थांबले. पोराने ले-अप घातला तेव्हा ते मध्यरेषेवर कमरेवर हात ठेवून उभे होते आणि शिट्टी वाजली.

भाषण झालं नाही. दुसऱ्या जारमध्ये अर्धं पाणी उरलं होतं. दादांनी पोरांना बेसलाइनवर रिकाम्या बाटल्या ओळीत मांडायला सांगितल्या. जार मांडीवर तिरका धरून, एकेका बाटलीत सारखं, बोटाने खूण धरून, त्यांनी पाणी ओतलं. नऊ बाटल्या भरल्या. एक घोट उरला तो स्वतः प्यायले. "घरी घेऊन जावा," म्हणाले.

जूनमध्ये नऊपैकी सात पोरं अकरावीच्या क्लासला गेली आणि कोर्टवर यायची थांबली. चौदा नंबर त्यांत होता. दादांनी जागा मोकळी केली आणि ती भरायला पोरगाच उरला नाही. याचा राग मला दादांवर नाही, पोरांवर नाही, त्यांच्या आईबापांवरही नाही. पण त्या वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा भरलं, गावात आनंद झाला, आणि मी ओल्या कोर्टवर दोन पोरांना पासिंग शिकवत होतो, तेव्हा मला रडू आलं होतं.

लेकर्सची पोरंही पांगली. २०१७मध्ये रसेलला ब्रुकलिनला देऊन टाकलं, दोन वर्षांत तो ऑल-स्टार झाला. रँडल न्यूयॉर्कला गेल्यावर २०२१मध्ये सर्वाधिक प्रगती करणारा खेळाडू ठरला. त्याच वर्षी बेंचवरून येणाऱ्यांमधला सर्वोत्तम म्हणून क्लार्कसन निवडला गेला, आणि तेव्हा तो खेळत होता युटा जॅझकडून. तूर फुटली, पण दुसऱ्याच्या शेतात. लेकर्सने कोबीचे ८ आणि २४ हे दोन्ही नंबर २०१७च्या डिसेंबरमध्ये कायमचे वर टांगले. २६ जानेवारी २०२०ला हेलिकॉप्टर कोसळून तो गेला, सोबत तेरा वर्षांची मुलगी जियाना आणि आणखी सात जण. ती मुलगीही खेळायची आणि तिच्याच मॅचला ते निघाले होते. आपल्याकडे तेव्हा रात्र होती. मला पहिला फोन आला तो चौदा नंबरचा, मेडिकलच्या हॉस्टेलवरून. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "सर, दादांना तुम्ही सांगा. माझ्यानं व्हायचं नाही."

दादा आता बावन्न वर्षांचे आहेत. खेळत नाहीत, पण सकाळी साडेपाचला कोर्ट झाडून, फिकट झालेल्या रेषांवर चुन्याची फक्की मारून ठेवतात. आमच्या त्या काळ्या जर्सी अजून लोखंडी पेटीत आहेत. दरवर्षी उन्हाळ्यात नवीन पोरं आली की पेटी उघडायची आणि ज्याला जी होईल ती द्यायची. सात नंबर कुणाला द्यायचा नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, तरी नऊ वर्षं तो कुणी उचलला नव्हता. जुनी पोरं नव्यांना डोळ्यांनी खुणावायची.

यंदा एप्रिलमध्ये एक बारा वर्षांची मुलगी आली. खेड्यातून शिकायला आलेल्या भावासोबत आई आणि ती इथे खोली करून राहतात. भाऊ क्लासला जातो, हिला सकाळी काही काम नसतं. तिला खाणाखुणा माहीत नव्हत्या. पेटीतून तिने सात उचलला, फ्रॉकवरूनच घातला आणि बॉल घेऊन आली. जर्सी तिच्या गुडघ्यापर्यंत. खांदा एका बाजूने घसरून दंडावर आलेला. मोठी पोरं गप्प झाली आणि दादांकडे बघायला लागली.

तिने डावीकडून शॉट मारला. बॉल रिंगपर्यंत पोचलाच नाही.

दादांनी फक्कीचं घमेलं खाली ठेवलं, हात पँटला पुसले, तिच्याजवळ गेले आणि तो घसरलेला खांदा वर ओढून चिमटीत धरून बघितला.

"आईला सांग, हितं टाच मारून दे. शॉटला हात वर गेला की अडकूलालंय," ते म्हणाले. "मार परत."